छपाई सुबक आहे

पोचताईंना खरं नाव होतं, पण ते फक्त हजेरीपुस्तकात. वर्तमानपत्राच्या त्या तीन मजली कचेरीत दरवानापासून संपादकांपर्यंत सगळे त्यांना पोचताईच म्हणत. पुढेपुढे तर घरी त्यांची सख्खी भाचीही 'पोचमावशी' म्हणायला लागली.

नाव पडलं ते कामावरून. रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर, शब्दकोड्याच्या खाली, 'साभार पोच' असा एक चिंचोळा रकाना असायचा. लेखक आणि प्रकाशक मोठ्या आशेनं नवी पुस्तकं पाठवायचे. त्यांतल्या दोन-तीन नशीबवानांना पुरवणीच्या पहिल्या पानावर ऐसपैस परीक्षण मिळायचं. उरलेल्यांच्या वाट्याला हा रकाना. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, प्रकाशक, पृष्ठं. पुस्तक मिळालं बरं का, आभारी आहोत, एवढाच त्याचा अर्थ.

हे काम चालायचं जिन्याखालच्या खोलीत. छत तिरपं होतं. उंच माणूस आत आला की आधी त्याचं कपाळ आपटायचं आणि मग नमस्कार व्हायचा. पोचताई अंगानं बुटक्या, त्यांना ती खोली मापानं शिवल्यासारखी बसली. बाविसाव्या वर्षी टंकलेखिका म्हणून आलेली ही मुलगी, "तात्पुरतं जरा पार्सलं फोडा" असं सांगून तिला त्या खोलीत बसवलं आणि ते तात्पुरतं चौतीस वर्षं टिकलं. सकाळी आलं की टेबलावर पार्सलांची चळत तयार. सुतळी कापायची नाही, सोडवायची, असा त्यांचा नेम. सोडवलेली सुतळी गुंडाळून डब्यात, खाकी कागद घडी घालून फळीवर. मग पुस्तक उघडायचं, आणि पहिल्यांदा नाकाशी न्यायचं. "वास आला म्हणजे पुस्तक मिळालं, रजिस्टरात चढवलं म्हणजे नुसती नोंद झाली," असं त्या म्हणायच्या.

काय काय यायचं तिथे! कथा, कादंबऱ्या, कविता तर मुबलकच. निवृत्त अधिकाऱ्यांची आत्मचरित्रं, ज्यांत अधिकारी कधीच चुकलेला नसे. प्रवासवर्णनं, मधमाश्या पाळण्याची पुस्तकं, बुद्धिबळाच्या चाली, एका दंतवैद्यानं लिहिलेली पाचशे पानांची विनोदी कादंबरी. पोचताई सगळं वाचायच्या. वाचायला कुणी सांगितलं नव्हतं. पण एवढं मोठं ताट समोर वाढलेलं असताना उपाशी कोण उठेल?

एका गुरुवारी शेवटचं पान सहा ओळींनी कमी पडलं. पुरवणीचे संपादक साहेब म्हणून ओळखले जायचे. ते जिन्यावरूनच ओरडले, "पोचताई, सहा ओळी भरा कशानंही!" भरायला दुसरं काही हाताशी नव्हतं. पोचताईंनी सहा पुस्तकांच्या नोंदींपुढे एकेक वाक्य लिहून टाकलं. मधमाश्यांच्या पुस्तकापुढे लिहिलं, 'वाचून झाल्यावर मधाकडे बघायची हिंमत होत नाही, इतके कष्ट.' एका कवितासंग्रहापुढे लिहिलं, 'बाविसावी कविता आधी वाचावी, मग बाकीच्यांना माफ करता येतं.'

पुढच्या आठवड्यात पान बरोबर बसलं तरी पोचताईंनी पुन्हा वाक्यं लिहिली. साहेब खोलीत आले, कपाळ चोळत बसले आणि म्हणाले, "पोच म्हणजे पावती. पावतीवर कुणी शेरे मारतं का?"

"पावती देणाऱ्यानं माल उघडून बघितला, एवढं तरी कळतं त्यातून," पोचताई म्हणाल्या.

साहेब हसले आणि गेले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, फक्त जागेच्या बाबतीत कवडीचुंबक. एक वाक्य, त्यावर एक शब्द नाही, असा तह झाला.

बघता बघता त्या एका वाक्याला वाचक मिळाले. लोक पुरवणी उलटी उघडायला लागले. पहिल्या पानावरचं परीक्षण नंतर, आधी पोच. काही वाक्यांची तर परिभाषाच झाली. पुस्तक खरोखर रद्दी असलं तरी कुणाचं मन दुखवायचं पोचताईंच्या जिवावर यायचं. मग त्या लिहायच्या, 'लेखकाची तळमळ जाणवते.' किंवा 'मुखपृष्ठ आकर्षक आहे.' आणि अगदीच बोलण्यासारखं काही नसलं तर, 'छपाई सुबक आहे.' वाचक चतुर. तळमळ जाणवते म्हणजे झोप येते, मुखपृष्ठ आकर्षक म्हणजे आत जाऊ नका, आणि छपाई सुबक म्हणजे देवाचं नाव घ्या, हे सगळ्यांना पाठ झालं. पोचताईंना वाटायचं, आपण खोटं कुठे बोललो? छपाई असतेच की सुबक.

त्या चाळिशीत असताना त्यांची आई आजारी पडली. घरात दोघीच. दोन खोल्या, तिसरा मजला. थोरली बहीण दुसऱ्या शहरात, ती येऊन-जाऊन असायची, पण रोजची धावपळ पोचताईंच्याच गळ्यात. सकाळी कचेरी, दुपारी इस्पितळ. इस्पितळातही काय, रांगाच. कागद दाखवायची रांग, औषधाची रांग, डॉक्टरांच्या दारापुढची रांग. त्या दोन महिन्यांत जिन्याखाली पुस्तकांचा ढीग कमरेएवढा झाला. पोचताई रोज पाच-सहा पुस्तकं पिशवीत टाकून न्यायच्या आणि रांगेतल्या बाकावर बसून चाळायच्या. वाचायच्या नाहीत, चाळायच्या. आयुष्यात पहिल्यांदा.

त्यांतच एक पातळशी कादंबरी होती. नाव 'खिडकी क्रमांक चार'. लेखकाचं नाव कुणी ऐकलेलं नाही, प्रकाशक म्हणून गावातल्याच एका छापखान्याचा पत्ता. पोचताईंनी उघडली. एक माणूस एका सरकारी कचेरीत खिडकीपुढे रांगेत उभा आहे. पान पाच, रांगेत उभा आहे. पान बारा, पुढच्या माणसाच्या सदऱ्याची शिवण उसवलेली आहे. पान वीस, रांग दोन पावलं सरकली. पोचताई स्वतः तीन तास बाकावर बसलेल्या, आत आईला कसलीशी नळी घातलेली. एकतिसाव्या पानावर त्यांनी पुस्तक फटकन मिटलं. रांगेत बसून रांग कुणी वाचायची? पेन्सिल काढली आणि नोंदीपुढे लिहिलं, 'छपाई सुबक आहे.'

आई त्यानंतर तीन आठवड्यांनी गेली. पोच तेवढी आठवड्याला येत राहिली.

वर्ष संपत आलं. देशभर खपणारं एक मोठं वर्तमानपत्र दर वर्षअखेरीला, ज्यांकडे सगळ्यांनी लक्ष द्यावं अशा नव्या पुस्तकांची यादी छापायचं. पाच ललित, पाच ललितेतर. ती यादी आली की पुस्तकवाल्या मंडळींत निवडणुकीचा निकाल लागल्यासारखी गडबड व्हायची. त्या वर्षी साहेब ते वर्तमानपत्र हातात घेऊन धाडधाड जिना उतरले आणि पहिल्यांदाच कपाळ न आपटता आत आले.

"पोचताई, 'खिडकी क्रमांक चार' हे नाव ऐकलंय?"

पोचताईंनी हातातली सुतळी खाली ठेवली.

"तिसऱ्या क्रमांकावर आहे! इतक्या शांत आवाजात दोन भावांची गोष्ट कुणी सांगितली नव्हती, असं लिहिलंय. आणि मजा बघा, लिहिणारा आपल्याच गावातला. आपल्या कचेरीपासून चार गल्ल्या पलीकडे छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवतो. आपल्याकडे आलं होतं का हे पुस्तक?"

पोचताईंनी जुन्या पुरवण्यांची फाइल पुढे सरकवली. साहेबांनी बोटानं रकाना धुंडाळला. नोंद सापडली. ती त्यांनी एकदा मनात वाचली, एकदा मोठ्यानं. मग इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं.

"चला, निदान खोटं तरी लिहिलं नाहीत!"

हसण्यात कुत्सितपणा नव्हता, पण पोचताईंना थोबाडीत बसल्यासारखं झालं. साहेब म्हणाले, आता वरातीमागून का होईना, घोडं नाचवायलाच हवं. त्या माणसाची मोठी मुलाखत घेऊ. पोचताई, तुम्हीच जाऊन बोलणं करून या.

रविवार होता दुसऱ्या दिवशी. पोचताईंनी सकाळी खिडकीत खुर्ची ओढली आणि कचेरीतून आणलेली कादंबरी पहिल्या पानापासून वाचायला बसल्या. या वेळी रांग लांब वाटली नाही. बत्तीस, तेहतीस... चौतिसाव्या पानावर खिडकी उघडते. आणि खिडकीच्या आत बसलेला कारकून असतो त्या माणसाचा सख्खा भाऊ, ज्याच्याशी तो अठरा वर्षं बोललेला नाही. त्याला हे ठाऊक होतं. म्हणूनच तो रांगेत मागच्यांना पुढे जाऊ देत होता, म्हणूनच शिवण मोजत होता. तीन पानं. फक्त तीन पानं आणखी वाचली असती तर. दुपारपर्यंत पुस्तक संपलं. पोचताईंनी चहा केला, तो तसाच निवला, आणि त्यांनी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं.

सोमवारी त्या छापखान्यात गेल्या. अंधारी लांबुळकी जागा, शाईचा आणि रॉकेलचा वास, एका टोकाला छपाईचं यंत्र खटाक्-खट, खटाक्-खट करत चाललेलं. भिंतीला लागून खिळ्यांचे खण. तिथे एक किडकिडीत माणूस उभ्यानं काम करत होता, बोटांची टोकं कायमची राखाडी. तोच जुळारी. पोचताईंनी कचेरीचं नाव सांगितलं मात्र, त्यानं हातातलं काम खाली ठेवलं.

"साभार पोच लिहिता, त्या ताई तुम्हीच?"

"हो."

तो वळून यंत्रावरच्या माणसाला ओरडून म्हणाला, "अरे, ह्याच त्या! ह्याच!"

आणि मग पोचताईंना दिसलं. खणांच्या वर, जिथे दुसरा कुणी देवाचं चित्र लावेल तिथे, कात्रण चिकटवलेलं होतं. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, पृष्ठं एकशे अठ्ठावन्न, छपाई सुबक आहे.

"पुस्तक मी लिहिलं, ते ठीकच आहे," जुळारी म्हणाला, "पण ते जुळवलंही मीच, ताई. सगळं काम आटोपल्यावर, रोज एकेक पान. खिळे जुने, झिजलेले. 'र' तर इतका कमी की प्रत्येक पानाला मोजून वापरावा लागायचा. काही वाक्यं मी 'र' संपला म्हणून बदलली आहेत! आता ती यादी आली, लोक येऊन गोष्टीबद्दल बोलतात. भावांबद्दल विचारतात. पण छपाईकडे कुणी बघितलं? तुम्ही बघितलंत. सगळ्यांच्या आधी, कुणी विचारत नव्हतं तेव्हा."

पोचताईंनी कात्रण पुन्हा वाचलं. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद लहान मुलाचा असतो तसला होता. तो हिसकावून घ्यायचा कसा? त्यांनी मुलाखतीची वेळ ठरवली, अर्धा कप चहा घेतला आणि तडक निघाल्या. रस्त्यात त्यांना वाटत राहिलं, आपण चोरी केली आहे, आणि ज्याची केली तोच आपल्याला दारापर्यंत पोचवायला आला आहे.

मुलाखत छापून आली. दुसरी आवृत्ती निघाली, तीही जुळाऱ्यानंच जुळवली. एक दिवस त्याची बायको पुस्तकाची प्रत द्यायला कचेरीत आली. जुळारीणबाई ठसठशीत बोलणाऱ्या. शाळेच्या वाचनालयात पुस्तकांची देवघेव बघायच्या. तिरप्या छताखाली बसल्या, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मी तुमची पोच बारा वर्षं वाचतेय."

पोचताईंना पुढचं कळून चुकलं. मान खाली गेली.

"छपाई सुबक म्हणजे काय ते मला समजतं, ताई. ह्यांना नाही समजत. हे फक्त तेवढं एक कात्रण वाचतात, रोज."

"माझं पुस्तक वाचून झालं नव्हतं," पोचताई कशाबशा म्हणाल्या. "आई इस्पितळात होती. पण ती सबब झाली. मी न वाचता लिहिलं."

"आता वाचलंत?"

"दोनदा."

जुळारीणबाईंनी आणलेली प्रत टेबलावर ठेवली. मग उठत म्हणाल्या, "सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी कुठल्याच बाजूनं बोलणार नाही. फक्त सांगणार असाल तर तोंडावर सांगा, छापून नको."

पोचताईंनी आठ दिवस काढले. नवव्या दिवशी छापखान्यात गेल्या. यंत्र चालू होतं. त्यांनी घरून पाठ करून आणलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं. जुळाऱ्यानं कानामागे हात धरला. "काय म्हणालात?"

असली गोष्ट माणूस एकदाच कशीबशी बोलतो. दुसऱ्यांदा बोलायला दुप्पट छाती लागते. पोचताई ओरडून म्हणाल्या, "मी तुमचं पुस्तक वाचलं नव्हतं! मला पुस्तक आवडलं नाही की मी छपाई सुबक आहे असं लिहिते!"

नेमकं त्याच क्षणी यंत्रवाल्यानं यंत्र थांबवलं. शेवटचे शब्द त्या सगळ्या लांबुळक्या जागेत घुमले.

जुळारी खणांकडे वळला. खणातून एक खिळा उचलला, उजेडाकडे धरला, परत ठेवला. मग विचारलं, "किती पानं वाचली होती?"

"एकतीस."

"एकतीस." त्यानं मान डोलावली. "तिथे मीही थांबलो होतो. सात महिने. त्या दोघांना समोरासमोर आणायची हिंमत होत नव्हती, म्हणून रांग वाढवत बसलो. ती पाचेक पानं जास्तच आहेत. त्या मोठ्या पेपरातल्या माणसालाही कळलं नाही ते." आणि मग हळूच म्हणाला, "पण छपाई?"

पोचताईंनी पिशवीतून पुस्तक काढलं. या वेळी खरोखर बघितलं. समास, ओळींमधली जागा, प्रत्येक पानावर जपून वापरलेला 'र'. "एकशे तीन पानावर एक 'ण' उलटा पडलाय," त्या म्हणाल्या. "बाकी सुबक आहे."

जुळारी खो खो हसला. कात्रण त्यानं काढलं नाही.

पोचताईंनी मात्र कानाला खडा लावला. त्या रविवारपासून 'तळमळ जाणवते' गेलं, 'मुखपृष्ठ आकर्षक' गेलं. पुस्तक वाईट असलं तर कुठे वाईट ते एका वाक्यात लिहायचं, आणि वाचून झालं नसलं तर सरळ लिहायचं, 'अजून वाचलेलं नाही.' साहेब हादरले. "असं कुठे छापतात का? नाकापेक्षा मोती जड व्हायला लागलाय तुमचा." पण वाचकांना ते असं काही आवडलं की लोक पत्रं पाठवून विचारायला लागले, अमुक पुस्तक वाचून झालं का हो आता? एका लेखकानं लिहिलं, 'माझ्या सात पुस्तकांवर परीक्षणं आली, पण पुस्तकं वाचलेली नाहीत हे कबूल करणाऱ्या तुम्ही पहिल्याच.'

जुळाऱ्याच्या घरी त्यांचं जाणं-येणं सुरू झालं, ते कायमचं. महिन्यातून एक बुधवार ठरलेला. जुळारीणबाई शाळेतून आलेल्या असायच्या, जुळारी छापखान्यातून, पोचताई कचेरीतून. तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसून, नव्या पुस्तकांपैकी कशाचा गाजावाजा खरा आणि कशाचा फुकाचा, यावर तावातावानं भांडायची. जुळारी कुठल्याही कादंबरीबद्दल आधी टाइप काय वापरलाय ते सांगायचा. जुळारीणबाई म्हणायच्या, "ह्यांना नवरीचा चेहरा विचारा, हे लुगड्याचं सूत सांगतील." ते दिवस पोचताईंना पुढे फार आठवायचे. त्यात विशेष काही घडलं होतं म्हणून नव्हे. टेबलाचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली कुणाचं तरी सरकारी आत्मचरित्र घातलेलं होतं, असल्याच गोष्टी आठवायच्या.

मग संगणक आले. छापखान्यातले खिळे वजनावर विकले गेले. जुळारी पावशेर 'र'ची एक पुडी तेवढी घरी घेऊन आला. वर्षभर नुसता बसून होता. शेवटी जुळारीणबाईंनी वही समोर आपटली आणि म्हणाल्या, "बोलता ते लिहा." त्यातून दुसरं पुस्तक झालं, 'उलटं वाचणारी माणसं'. कादंबरी नव्हे, खऱ्या माणसांच्या हकिगती. शिशाची अक्षरं आरशातल्यासारखी उलटी असतात, ती उलटी वाचत ज्यांची हयात गेली त्या जुळाऱ्यांच्या. पोचताईंच्या निवृत्तीला चारच महिने उरले होते आणि पुरवणीही आचके देत होती. त्यांनी एका वाक्याचा तह मोडला, चौदा ओळी लिहिल्या. नवे संपादक कुरकुरले, पण छापल्या. पुस्तकाच्या तीनशे प्रती खपल्या. पुढच्या वर्षी पुरवणीच बंद झाली.

जुळारी गेला त्याला आता सहा वर्षं झाली. तो गेल्यावर दोन वर्षांनी एका मोठ्या प्रकाशकानं 'उलटं वाचणारी माणसं' नव्यानं काढलं, आणि काय वारं फिरलं कोण जाणे, देशभरच्या वर्तमानपत्रांत, दूरदर्शनवर, फोनच्या पडद्यावर तेच पुस्तक. वर्षातली पाच ललितेतर पुस्तकं, त्यांत हे पहिलं. जुळारीणबाईंच्या दारात कॅमेरे आले. एका मुलाखतकारानं विचारलं, "त्यांना हे यश बघायला मिळालं नाही, काय वाटतं?" बाई म्हणाल्या, "त्यांनी आधी कागद कसला वापरलाय ते बघितलं असतं."

आणि मग प्रकाशकाला कळलं की कपाटात आणखी एक हस्तलिखित आहे. 'खिडकी क्रमांक चार'चा पुढचा भाग, हातानं लिहिलेली तीनशे बारा पानं. अर्धवट नव्हतं, शेवटी सहीसुद्धा होती. प्रकाशक रोज फोन करायला लागला. हरवलेली कादंबरी सापडली, अशी बातमीही कुणीतरी छापून टाकली, जणू ती कपाटात नसून समुद्रात बुडाली होती.

जुळारीणबाई गठ्ठा घेऊन पोचताईंचे तीन जिने चढून आल्या. "मी वाचलंय. पण मी बायको. तुम्ही सांगा."

पोचताई चौऱ्याहत्तरीच्या, एका डोळ्याला मोतीबिंदू. भिंग घेऊन सहा दिवस वाचत होत्या. मधे भाची म्हणाली, "पोचमावशी, थोडं चाळून अंदाज नाही का येत?" मावशीनं तिच्याकडे असं बघितलं की ती गप चहा करायला गेली.

सातव्या दिवशी जुळारीणबाई आल्या. पोचताईंनी गठ्ठा दोघींच्या मधे ठेवला.

"नका छापू," त्या म्हणाल्या. "पहिल्या पुस्तकात ते भाऊ जे बोलत नाहीत, त्यानं जीव तुटतो. ह्यात ते सगळं बोलतात. पुन्हा पुन्हा बोलतात. मला वाटतं, शेवटच्या आजारपणात त्यांना सोबत हवी होती, म्हणून त्या दोघांना ते बोलवत बसले. ते लिहिणं त्यांचं स्वतःसाठी होतं. आपल्यासाठी नाही."

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"सगळं वाईट आहे?"

"नाही. एकशे ऐंशीपासूनची अकरा पानं आहेत. दुपारी बायको डबा घेऊन छापखान्यात येते ती. ती सोन्यासारखी आहेत. तेवढी मासिकात द्या."

"माझ्यावर आहेत म्हणून चांगली म्हणताय ना?"

"तुमच्यावर आहेत म्हणून नाही. तुम्ही त्यांत इतक्या भांडता, म्हणून."

जुळारीणबाई हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी पदर डोळ्यांना लावला. पोचताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग बाई म्हणाल्या, "मलाही तेच वाटलं होतं. पण एकटीनं म्हणायचं धाडस होईना."

प्रकाशक चिडला. असं कुणी लक्ष्मी आलेली असताना दार लावतं का, म्हणाला. बाईंनी दार लावलं. अकरा पानं एका मासिकात आली, आणि ज्यांनी वाचली त्यांनी पत्रं लिहून, अजून आहे का, असं विचारलं. बाईंनी सगळ्यांना उत्तर धाडलं, एवढंच होतं.

हस्तलिखित आता त्यांच्या कपाटात आहे. बुधवार मात्र पुन्हा सुरू झालाय, आता पोचताईंच्या घरी, कारण जिने उतरणं त्यांना जमत नाही. भाची यंदाची यादी फोनवरून वाचून दाखवते, पाच ललित आणि पाच ललितेतर, आणि कुठलं आधी घ्यायचं यावर दोघींचं कडाक्याचं वाजतं. गेल्या महिन्यात एका जाडजूड कादंबरीवर सौदा ठरला, जिचं सगळीकडे कौतुक चाललंय. जुळारीणबाई मोठ्यानं वाचतात, पोचताई डोळे मिटून ऐकतात. परवा साठाव्या पानावर बाईंनी पुस्तक खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "हा नायक मला मुळीच आवडत नाही."

"मलाही नाही," पोचताई म्हणाल्या. "वाचा पुढे."